क्रोन्स आणि ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल: सात-आठ महिन्यांनंतर

क्रोन्सवाल्यांना, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा हा आजार असलेल्यांना, आधीच सांगते, ड जीवनसत्त्वाने पोट सुधारेल या आशेवर राहू नका. हाडांसाठी मात्र जरूर घ्या, आणि नेमाने घ्या.

माझा आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आहे. ड जीवनसत्त्व अंगी लागायला पित्तक्षार लागतात, आणि पित्तक्षार परत शोषले जातात ते नेमके याच भागात. त्यात फ्लेअरमध्ये (आजार उसळतो तेव्हा) घेतलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हाडं ठिसूळ करतं. रक्तात ड चं प्रमाण निघालं ११ (नॅनोग्रॅम प्रति मिली). २० च्या खाली कमतरताच धरतात. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, अशी लिहून दिली.

मावशीचं म्हणणं, "अगं, बडोद्यात उन्हाला काय तोटा? कमाटीबागेत सकाळी फेऱ्या मार." तिची माया कळते. पण कोवळ्या उन्हात ड तयार करणारे किरण फारच कमी असतात, ते दुपारी जास्त. आणि मी ॲझाथायोप्रिनवर, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर आहे. या औषधावर असताना उन्हाने त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून दुपारचं ऊन मला वर्ज्य. क्रोन्स नसलेल्यांचे सल्ले आपल्याला असे लागू पडत नाहीत.

आधी दुधात ढवळून घ्यायची पावडर आणली. दूध मला सोसत नाही, पोटात गुरगुर सुरू झाली. मग मऊ कॅप्सूल घेतली, ती छान मानवली. रविवारी दुपारी वरणभातावर तूप वाढून घेते आणि जेवता जेवताच गिळते. स्निग्ध पदार्थासोबत ती चांगली शोषली जाते. पट्टीवर प्रत्येक कॅप्सूलशेजारी पेनाने तारीख घालून ठेवते. याचं कारण, एका औषधवाल्याने मला चक्क "रोज एक" सांगितलं होतं! ६०,००० ची कॅप्सूल रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, मुतखडा, सगळं मागे लागू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचा, दुकानात ऐकलेलं धरू नका.

पहिल्या आठ आठवड्यांनंतर प्रमाण जेमतेम १९ झालं. डॉक्टर म्हणाले, आतडं असं असताना वेळ लागतोच. त्यांनी तोच कोर्स पुन्हा दिला, तेव्हा कुठे ३४ आलं. आता महिन्यातून एक. जिना चढताना मांड्या भरून यायच्या, ते बरंच कमी झालंय. पोटाचं म्हणाल तर प्रमाण ३४ असतानाही एक फ्लेअर येऊन गेला. २०१० च्या एका डॅनिश अभ्यासात रोज १,२०० युनिट घेणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांपैकी १३ टक्क्यांचा आजार उलटला, न घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांचा. पण रुग्ण शंभरही नव्हते आणि फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला अगदी थोडक्यासाठी उतरला नाही. त्यामुळे याच्या भरवशावर मूळ औषधं सोडू नका, अगदी कळकळीने सांगते.

दिवाळीनंतर ड आणि कॅल्शियम दोन्ही पुन्हा तपासायचंय, सोबत हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅनही. स्टेरॉइडने हाडांचं किती नुकसान केलंय ते त्यातच कळेल.