डोनरची मोजकी जनुकीय तपासणी की मोठं पॅनेल?

स्त्रीबीजदाती निवडताना दोन तऱ्हेचे रिपोर्ट हाती येतात. एकात थॅलेसेमिया, सिकल सेल, सिस्टिक फायब्रोसिस, एसएमए (स्नायू दुबळे करणारा स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी) असे मोजके आजार तपासलेले असतात. दुसऱ्यात शंभराहून जास्त जनुकं. आम्ही आधी पहिल्यावरच समाधान मानलं होतं.

मोजक्या तपासणीला कमी लेखू नये. बीटा थॅलेसेमियाची वाहक (म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेली, स्वतः आजारी नसलेली) तर बहुतेकदा हिमोग्लोबिनच्या चाचणीतच सापडते, एचबीए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचं प्रमाण ३.५ टक्क्यांच्या वर दिसतं. उलट मोठ्या पॅनेलमध्ये धडधाकट माणसाच्या नावापुढेही अनेकदा कशाचा ना कशाचा 'वाहक' लागतो, आणि समुपदेशकाशी बोलेपर्यंत झोप उडते.

तरीही आम्ही मोठ्याकडे वळलो, ते एका ओळीमुळे. दातीच्या रिपोर्टवर एवढंच होतं: 'सर्व चाचण्या निगेटिव्ह'. जनुकांची यादी नाही, कोणते बदल शोधले तेही नाही. मग माझी तपासणी झाली आणि मी जीजेबी२ या ऐकण्याशी संबंधित जनुकातल्या एका बदलाचा वाहक निघालो. मला स्वतःला ऐकायला काही त्रास नाही. पण दातीही वाहक असेल तर दर गर्भधारणेत चारात एक शक्यता, की बाळाला जन्मतः ऐकू येणार नाही. चौकशी केली, तर हे जनुक तपासलेलंच नव्हतं. बीजं गोठवून बराच काळ लोटला होता, दातीशी संपर्क उरला नव्हता, रक्ताचा नमुनाही नव्हता. बायकोने रिपोर्टचं पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

दुसऱ्या दातीच्या रिपोर्टमध्ये जनुकांची पूर्ण यादी होती. त्या यादीत जीजेबी२ तपासलेलं आणि निगेटिव्ह दिसलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. निगेटिव्ह म्हणजे धोका शून्य, असं मात्र नव्हे. एसएमएमध्ये एसएमएन१ या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच गुणसूत्रावर असल्या तर प्रतींची मोजणी ठीक दिसते आणि वाहक निसटतो.

फ्रॅजाइल एक्स या आजाराचं वेगळं आहे. तो एक्स गुणसूत्रावरच्या जनुकामुळे होतो आणि बौद्धिक वाढीवर परिणाम करतो. तिथे वडिलांचा रिपोर्ट चांगला असून उपयोग नाही. दातीच्या त्या जनुकात डीएनएच्या एका छोट्या तुकड्याच्या ५५ ते २०० पुनरावृत्ती असल्या, तर बाळापर्यंत जाताना त्या वाढू शकतात. पॅनेल कोणतंही घ्या, हे नाव यादीत आहे का ते आधी बघा.

प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असू शकेल. मला पुन्हा निवडायचं झालं, तर दातीची फाइल उघडण्याआधी मी स्वतःचं रक्त तपासायला देईन.