न्यूरल ॲम्प मॉडेलर, काही महिन्यांच्या वापरानंतर: घोडं पातळीवरच अडतं

गिटारच्या ॲम्प-पेडलची कॉम्प्युटरवर नक्कल करणारं स्टीव्हन ॲटकिन्सन यांचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि खरोखर चांगलं आहे. पेडल किंवा ॲम्पमधून चाचणी फाइल सोडायची आणि परत आलेल्या आवाजावरून मॉडेलला त्याचा स्वभाव शिकवायचा (हे ट्रेनिंग), याला कॅप्चर म्हणतात. वैताग आहे तो ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या डब्याच्या) आकडे नसलेल्या आउटपुट नॉबचा.

ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये चाचणी फाइल किती जोरात सोडली, त्यावर मॉडेलचा स्वभाव ठरतो. पातळी चढी असेल तर नंतर गिटार लावल्यावर मॉडेल खऱ्या पेडलपेक्षा जास्त खरखरतं, उतरती असेल तर मिळमिळीत वाजतं. आणि ट्रेनिंगच्या शेवटी दिसणारा ईएसआर (मॉडेलच्या चुकीचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) दोन्ही वेळा झकास! कारण मॉडेल चुकीची पातळीसुद्धा तंतोतंत शिकतं. सुरुवातीला मीही ०.०१ च्या खाली म्हणजे पास, असंच धरत होतो. आता त्या आकड्याकडे केबल नीट लागली होती का, एवढंच बघायला पाहतो.

उपाय मोजण्याचाच. ० डीबीएफएस (डिजिटल पातळीची कमाल मर्यादा) पीकची साइन वेव्ह सोडा, पेडलला जाणाऱ्या केबलच्या टोकाला एसी व्होल्ट मोजा. ०.७७५ व्होल्ट म्हणजे ० डीबीयू (ॲनालॉग पातळीचं एकक), ३.०८ व्होल्ट म्हणजे १२ डीबीयू. हा डीबीयूचा आकडा ट्रेनिंगच्या वेळी मेटाडेटात (मॉडेलसोबत साठवलेल्या माहितीत) भरला, की मॉडेल वाजवणाऱ्या प्लगिनमधलं इनपुट कॅलिब्रेशन, म्हणजे पातळी जुळवणं, कामी येतं. मात्र आपल्या इंटरफेसच्या इनपुटचाही आकडा तिथे द्यावा लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानातला पिवळा मल्टिमीटर इथे चालत नाही, त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते. त्यावर ३ व्होल्टच्या आकड्याचा काय भरवसा? २ किंवा २० व्होल्टची एसी रेंज असलेला घ्या. साधे मीटर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच नीट वाचतात, म्हणून साइन १०० हर्ट्झची ठेवा.

इंटरफेसचा सिग्नल पेडलला गिटारसारखा करून देणाऱ्या रीॲम्प बॉक्सवर पैसे घालवू नका. पॅसिव्ह डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडायचा डबा) उलटा जोडला तरी भागतं. फक्त आतला ट्रान्सफॉर्मर आता पातळी वीसेक डीबीने वाढवतो, म्हणून इंटरफेसचं आउटपुट तेवढं खाली आणा. इलेक्ट्रॉनिक्स असलेला ॲक्टिव्ह डीआय असा उलटा चालत नाही.

५० हर्ट्झची घरघर आली तर लॅपटॉपचा चार्जर काढा, पेडल बॅटरीवर चालवा. घरघरीचा इनपुटशी संबंध नसल्याने मॉडेल ती शिकू शकत नाही, नुसता ईएसआर फुगतो. पेडलमधून परत येणारं रेकॉर्डिंग क्लिप झालं, म्हणजे पातळी मर्यादेबाहेर जाऊन फाटलं, तर ते क्लिपिंगही मॉडेलमध्ये उतरतं. एक्स्पोर्ट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. नॉर्मलाइझ (पातळी आपोआप वाढवणं) बंद, लांबी मूळ फाइलइतकीच.

स्टँडर्ड मॉडेलची स्मृती ४०९३ सॅम्पलची, म्हणजे जेमतेम ८५ मिलिसेकंद. त्यामुळे रिव्हर्ब आणि डिले विसराच. कॉम्प्रेसरचा रिलीज (दाबलेला आवाज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांब असेल तर तोही अर्धवट येतो. फझ फेस या फझ पेडलची गंमत वेगळी. तो गिटारच्या पिकपशी थेट भिडतो आणि रीॲम्प किंवा डीआय बॉक्समधून येणाऱ्या सिग्नलपुढे त्याचा तो स्वभाव दिसतच नाही. गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर फझ जसा साफ होतो, तसं मॉडेल होणार नाही.

व्हॉल्व्ह ॲम्प कॅप्चर करताना लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पचा भार घेणारा डबा) किंवा स्पीकर जोडलेला हवाच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला निरोप द्या. कॅबिनेट मॉडेलमध्ये घेऊ नका, नंतर आयआरने (कॅबिनेटच्या आवाजाची नोंद असलेल्या फाइलने) लावा, म्हणजे स्पीकर बदलायची मोकळीक राहते. गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवर फुकट ट्रेनिंग करत असाल तर मॉडेलची .एनएएम फाइल लगेच उतरवून घ्या. सेशन तुटलं की ती गेलीच.