साधी क्रिंपिंग पक्कड की रॅचेट क्रिंपर?

नाशिकहून कसारा घाट उतरताना माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे हेडलाइट लुकलुकू लागले. वायर शाबूत होती, पण तिच्या टोकाचं टर्मिनल, म्हणजे धातूचा जोडतुकडा, हलक्या ओढीनेच हातात आलं. ते मीच साध्या पकडीने वायरवर दाबून बसवलं होतं, म्हणजेच क्रिंप केलं होतं.

साधी पक्कड स्वस्त, वायर सोलते, कापतेही. पण दाब किती पडला ते फक्त मनगटालाच ठाऊक. दिवसाचं विसावं टर्मिनल पहिल्याइतकं घट्ट बसत नाही. डॅशबोर्डखालच्या अडचणीत मात्र तीच शिरते, म्हणून टूलबॉक्समधून ती काढू नका.

रॅचेट क्रिंपर पूर्ण दाब पडेपर्यंत सुटतच नाही, त्यामुळे प्रत्येक जोड सारखा येतो. खरं महत्त्व त्याच्या डायला, म्हणजे टर्मिनल दाबणाऱ्या जबड्यातल्या साच्याला आहे. जुन्या गाड्यांत बिनआवरणाची, उघड्या पाकळ्यांची पितळी टर्मिनलं असतात. त्यांच्या पाकळ्या आत वळून तारांमध्ये रुतल्या पाहिजेत. लाल-निळ्या प्लास्टिकच्या टर्मिनलांची अंडाकृती डाय त्यांना नुसतं चेपते. खरेदीआधी डाय बदलता येते का, हे आवर्जून पाहा. ६ व्होल्टच्या जुन्या मोटारसायकलींना तर हे जास्तच लागू. तेवढ्याच वॅटला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट वाहतो आणि सैल जोड लगेच तापतो.

वरून सोल्डर ओतू नका. ते तारांत झिरपून वायर कडक करतं आणि हादऱ्यांनी ती तिथेच तुटते.

अख्खं वायरिंग बदलणार असाल तर रॅचेटच घ्या. जोडल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा.