आखाजी ते पऱ्हाट्या उपटेपर्यंत : स्टारड्यू व्हॅलीचे आठ महिने

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चुलत बहीण माहेरी आली होती, तिने माझ्या फोनवर स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम घेऊन दिला. आता डिसेंबर आहे. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात आमची केळी आणि चार एकर कापूस. दिवसभर शेत करून रात्री पुन्हा फोनवर शेतच कशाला, असं आई अजून विचारते.

एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून हा गेम केला, तो 2016 साली आला. एकदाच पैसे भरायचे, जाहिराती नाहीत, मळ्यात रेंज नसली तरी चालतो. मराठी मात्र त्यात नाही, ती यायला हवी.

सुरुवातीला हातात 500 नाणी आणि पार्सनिपचं 15 बी. पार्सनिप म्हणजे गाजरासारखं पांढरं कंद, चार दिवसांत तयार. झारीने एकेका चौकोनाला पाणी घालायचं, आणि प्रत्येक झारीमागे अंगातली ताकद कमी होते. पुढे तुषार, म्हणजे स्प्रिंकलर, मिळतात. साधा चार चौकोन भिजवतो, सगळ्यात भारी 24. पहिला बसवला त्या सकाळी आमच्याकडे ठिबक आलं तेव्हाची आठवण झाली. रात्रीच्या लाइटीत बॅटरी घेऊन बारे देणं तेव्हा सुटलं होतं.

केळीचं झाडही आहे, पण ते पाहून आप्पा गप्पच झाले. 28 दिवसांत मोठं होतं आणि मग आंब्यासारखं वर्षानुवर्षं उभं राहून फळ देतं. आमच्याकडे एक खोड एकदाच घड देतं, मग ते कापून पिलावर पीलबाग धरायची. वारा सुटला की आडवी होणारी बागही तिथे नाही. भाव तर ठरलेलाच: साधा लाल भोपळा कुठल्याही दिवशी विक्रीच्या पेटीत टाका, सकाळी 320 नाणी. केळीचा भाव रोज ऐकणाऱ्या माणसाला ही सगळ्यात मोठी सुट्टी वाटते.

मला या गेमने खरं धरून ठेवलं ते 28 तारखेने. तिथे प्रत्येक ऋतू 28 दिवसांचा, आणि ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक मरतं. पहिल्या शरद ऋतूत 17 तारखेला मी भोपळ्याचं 40 बी लावलं, शंभराला एक. भोपळ्याला 13 दिवस लागतात. रोज पाणी घातलं. हिवाळ्याच्या पहिल्या सकाळी सगळे वेल मेलेले, चार हजार गेले. 15 तारखेला लावले असते तर 28 ला तोडता आले असते. तेव्हापासून बी घेण्याआधी मी बोटांवर दिवस मोजतो.

आमच्याकडे थंडी कापूस असा एका रात्रीत मारत नाही. वेचण्या झाल्या तरी पाणी दिलं की पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, पुन्हा पालवते, आणि चार पैसे जास्तीचे म्हणून फेब्रुवारीपर्यंत ही फरदड उभी राहते. त्या उशिराच्या बोंडांत गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामापर्यंत टिकते. म्हणजे तिथे हंगाम पीक संपवतो, इथे ते आपणच संपवावं लागतं. हे मी कृषी सहायकांकडून दोन वर्षं ऐकत होतो. पण ते मेलेले 40 वेल पाहिल्यावर शेवटची तारीख असणं किती मोठी गोष्ट आहे ते कळलं.

दिवाळीनंतर आप्पांना गेममधला 28 दिवसांचा तक्ता दाखवला आणि म्हटलं, आपणही तारीख धरू. ते म्हणाले, "अजून एक वेचणी निघेल रे." निघालीही असती. दोन दिवस बोलणं झालं, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चारही एकर उपटलं. बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग न ठेवता रोटाव्हेटर फिरवला, आता तिथे उशिराचा गहू आहे.

गेममधला हिवाळा मात्र मला ओका वाटतो. बाहेर जवळजवळ काहीच पिकत नाही, माणूस खाणीत उतरतो. आमच्या हिवाळ्यात गव्हाला पाणी, केळीला थंडीपासून जपणं आणि रात्री मळ्यात काटक्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. काल भरीत होईपर्यंत मी तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात 9 तारखेला पोहोचलो. आप्पांनी शेजारी बसून विचारलं, वसंताला किती दिवस राहिले? मी म्हटलं, वीस.