मुंबईच्या पवई तलावावर गळ टाकायचा असेल तर: काही महिन्यांचा अनुभव

'पवईत मासे राहिलेत का रे?' असं ऑफिसात हमखास विचारतात. आहेत, आणि हाताला चांगली ओढ देणारे आहेत. गेल्या गणपतीनंतर सुरुवात केली ती उन्हाळा संपेपर्यंत, सुट्टीच्या बऱ्याच सकाळी तिथेच गेल्या. इथे गळ टाकायला अँगलिंग असोसिएशनची परवानगी लागते. शेजारचे काका जुने सभासद, म्हणून माझं सोपं झालं. रस्त्याच्या कठड्यावरून दोरा सोडणारी पोरं दिसतात, त्यांचं बघून बसू नका.

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्याप्रमाणे तरंडा (दोऱ्यावरचा तरंगणारा तुकडा) वर-खाली करत राहिलं की फरक पडतो. चाऱ्याला कणीक, भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याची पेंड. काका त्यात आणखी काहीतरी कालवतात, ते मात्र अजून सांगितलेलं नाही. हे तिन्ही मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. त्यामुळे तलावात बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली तरच पुढे मोठा मासा मिळणार. तिलापियाला ती अडचण नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्लावळ वाढतच जाते आणि ही चिल्लर मंडळी कटल्यासाठी लावलेला गोळा कुरतडून संपवतात. मुलांना शिकवायचं असेल तर बारीक गळ, गांडूळ आणि तिलापिया. कंटाळा येत नाही.

मरळ हवी असेल तर जलपर्णीच्या कडेला रबरी बेडूक ओढायचा. ती हवेतला श्वास घेते, त्यामुळे जिथे बाकीचे मासे टिकत नाहीत तिथेही ती सापडते. जलपर्णी दाट झाली की खालच्या पाण्यात ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो. मे महिन्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले. अशा वेळी गोळ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ऐन थंडीतही सुस्ती असते. मला फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगले गेले.

मासा खायचा का? मी सोडून देतो. 1891 च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव, पण त्याचं पाणी नंतर पिण्यालायक राहिलं नाही. कारखान्यांना वगैरे वापरतात, आणि सांडपाणी येऊन मिसळतं ते वेगळंच. घरात तर 'पवईचं काही आणायचं नाही' असा हुकूमच आहे.

मगरी खऱ्या आहेत, अफवा नव्हेत. थंडीत सकाळी काठावर ऊन खात पडलेल्या असतात. गळ सोडवायला पाण्यात पाय घालू नका, लांब दांड्याची जाळी न्या.

नुसतं फिरायला येणाऱ्यांसाठी मात्र माझं मत फार बरं नाही. रस्त्याच्या बाजूचा फेरफटका सकाळी सातपर्यंत छान, त्यानंतर लिंक रोडची वाहनं, धूळ आणि हॉर्न. बाकं आहेत, पण बऱ्याच बाकांवर सावली नाही. स्वच्छतागृहाला मी गेलो तेव्हा बहुतेक वेळा कुलूपच होतं, ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जाऊ शकतो. पक्षी बघणाऱ्यांची मात्र चैन आहे: जलपर्णीवर चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, पंख वाळवत बसलेले पाणकावळे. दुर्बीण असेल तर न्याच.

लोकलने येणार असाल तर कांजुरमार्गला उतरून रिक्षा करा. मेट्रोने साकीनाक्याहूनही जमतं. पिण्याचं पाणी, टोपी आणि हात पुसायला जुना पंचा घरूनच न्या. पेंडीचा वास साबणानेही लवकर जात नाही.