एप्रिलपासूनची बेरीज की मागच्या बारा महिन्यांची?

इतवारीतल्या कुलरच्या दुकानाचा मासिक रिपोर्ट घ्या. नागपुरात विक्री मार्चमध्ये उचल खाते आणि पहिला पाऊस पडला की थंडावते. एप्रिलपासूनची बेरीज लावली तर जूनअखेर आकडा भरघोस दिसतो, पुढे फेब्रुवारीपर्यंत जागचा फारसा हलत नाही. धंदा बसलेला नसतो, सीझन संपलेला असतो. मागच्या बारा महिन्यांच्या बेरजेत प्रत्येक महिना एकदाच येतो, म्हणून धंदा वाढतोय की घटतोय हे बघायला मी तीच घेतो. नवा महिना आत येतो, गेल्या वर्षीचा तोच महिना बाहेर जातो. त्या दोघांत जेवढा फरक, तेवढीच बेरीज वरखाली होते. जीएसटी आणि प्राप्तिकराला मात्र आर्थिक वर्षच लागतं. मार्चअखेर दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत, तेव्हा ताळा जरूर करा.

आता ही बारा महिन्यांची बेरीज एक्सेलमध्ये काढायची कशी? महिन्याला एक ओळ धरून शेवटच्या १२ ओळींना ‘सम’ हे बेरजेचं सूत्र लावून खाली ओढणं सोपं, पण त्यात मोठा धोका आहे. एका दुकानाच्या बिलांत डिसेंबरला एकही कुलर नव्हता, त्यामुळे पिव्होटमध्ये, म्हणजे बिलांवरून बनणाऱ्या महिनावार तक्त्यात, डिसेंबरची ओळच आली नाही. मे २०२५ पासून मागे १२ ओळी मोजल्या तर मे २०२४ सुद्धा आत! दोन मे महिने एका वर्षात. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत चालू ओळीसोबत ‘मागच्या ११ ओळी’ धरल्या तरी हेच होतं.

तारखेवर चालणारं ‘सम-इफ्स’ (अटीत बसेल तेवढ्याचीच बेरीज करणारं सूत्र) लांबलचक दिसतं, पण तेच वापरा: १२ महिन्यांपूर्वीच्या महिनाअखेरीनंतरचं, या महिनाअखेरपर्यंतचं सगळं. महिनाअखेर ‘ईओमंथ’नेच काढा. ‘ईडेट’ हे सूत्र फक्त महिना बदलतं, तारीख तीच ठेवतं; त्याने २८ फेब्रुवारी २०२५ वरून १२ महिने मागे गेलात तर २८ फेब्रुवारी २०२४ मिळते आणि २९ तारखेची बिलं जादा धरली जातात. पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर सलग तारखांचं कॅलेंडर टेबल आधी बनवा. पहिले ११ महिने रकाना रिकामा ठेवा, अर्धवट बेरीज दाखवू नका.

सराफांसाठी एक गोष्ट आणखी. मे २०२४ ते एप्रिल २०२५ या बारा महिन्यांत अक्षय्य तृतीया दोनदा आली, १० मे आणि ३० एप्रिलला. त्या आकड्याखाली तशी टीप लिहून ठेवा, नाहीतर पुढच्याच महिन्यात बेरीज का उतरली म्हणून मालक विचारतील.