आधी पुडी सोडवायची की मोबाईल?

वस्तीत गुटगुटीत पोराचं कौतुकच होतं, खात्यापित्या घरचं दिसतं म्हणतात. त्यामुळे ‘वजन जास्त आहे’ हे आईला पटतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ३.४ वर गेलं. त्याच वेळी ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. कधीकधी एकाच पोरात दोन्ही दिसतं: उंची खुंटलेली आणि पोट सुटलेलं. म्हणून वजन आटोक्यात आणायला जेवण तोडणं हा पर्याय मी धरतच नाही.

उरतात दुपारची वेफर्सची पुडी आणि हातातला मोबाईल. दोन्ही एकदम सुटत नाहीत.

पुडीचा हिशोब सरळ आहे. शंभर ग्रॅम वेफर्समध्ये साधारण साडेपाचशे कॅलरी आणि सातेक ग्रॅम प्रथिनं. तेवढ्याच फुटाण्यांत पावणेचारशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं वीसेक ग्रॅम. दहा रुपयांत दोन मुठी फुटाणे येतात, म्हणजे खर्चही वाढत नाही. पण धुण्याभांड्याला जाणारी आई दहाची नोट ठेवून जाते ती सोयीसाठी. पोर स्वतः दुकानातून आणतं, गॅसला हात लावत नाही. ही सोय भरून निघाली पाहिजे. सकाळी एक चपाती जास्त लाटून शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळून ठेवली, तर दुपार निभते. पाच वर्षांखालच्यांना मात्र अख्खे फुटाणे-शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात; कूट करून द्या.

मोबाईल सोडवायला पैसे लागत नाहीत, जागा आणि माणूस लागतं. पाच वर्षांपुढच्या मुलांनी रोज सरासरी किमान तासभर दम लागेल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा बाय दहाच्या खोलीत ते व्हायचं कुठे? गल्लीत मोटारसायकली, आणि मुलीला एकटं बाहेर सोडायची भीती. मोबाईल दिला की पोर घरात आहे एवढी तरी खात्री असते. अशा आईला निष्काळजी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दुपारी घरात आजी असेल, तर खेळापासून सुरुवात करा. दमून आलेलं पोर भाजी-भाकरीही खातं. आई संध्याकाळपर्यंत बाहेर असेल, तर आधी पुडी; गल्ली तिच्या हातात नाही, डबा आहे. आणि दर महिन्याला वजनाबरोबर उंचीही मोजून घ्या. वजन तेवढंच राहून उंची वाढत असेल, तरी ती सुधारणाच आहे.